'हे ऐकलंस का?' : नवी मराठी गाणी एकमेकांना सुचवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईक, मित्र, जुने सहकारी, सोसायटीतली मंडळी यांना गाणी पाठवत राहणं हा माझा जुना उद्योग. त्यातून लोक परत परत तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवली आहेत. सगळा भर मराठी गाण्यांवर आहे, कारण हिंदीची शिफारस करणारे गल्लोगल्ली भेटतात.

'नवं' गाणं म्हणजे नेमकं कधीचं?

ढोबळमानानं गेल्या दोन-तीन वर्षांतलं. समोरच्यानं ऐकलेलंच नसेल तर दहा वर्षांपूर्वीचंही चालतं. फक्त ते नवं असल्याचा आव आणू नका, साल सांगून टाका.

मराठीत हल्ली चांगलं नवं काही होतच नाही. मग सुचवायचं काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेकदा तो प्रश्न नसतोच, तक्रार असते. असं म्हणणाऱ्यांचं ऐकणं आकाशवाणी, कॅसेट आणि दिवाळी पहाट या वाटेनं झालेलं असतं. त्या वाटेवर खरोखरच नवं फार येत नाही. दिवाळी पहाटेला तीच पंधरा-वीस गाणी दरवर्षी होतात आणि श्रोत्यांना तीच हवी असतात.

नवं होतंय ते दुसरीकडे. मराठी गाण्याचं वर्ष सिनेमाच्या तारखांपेक्षा सणवारांवर आणि लग्नसराईवर जास्त चालतं, हे एकदा लक्षात घेतलं की शोधणं सोपं होतं. १९ फेब्रुवारीच्या आधी शिवजयंतीची गाणी येतात. मार्च संपता संपता १४ एप्रिलसाठी नव्या भीमगीतांचा पूर येतो. लग्नसराईत रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात आगरी-कोळी हळदीची गाणी आणि खानदेशात अहिराणी गाणी येतात. आषाढीच्या आधी विठ्ठलाची, नारळी पौर्णिमेला कोळीगीतं, मग गणपती, मग नवरात्र. त्या त्या पंधरवड्यात यूट्यूबवर त्या त्या विषयाचं नाव आणि चालू साल टाकून बघा. वीसातली पंधरा गाणी एका छापाची निघतील. उरलेल्या पाचांत एखादं असं भेटतं की कान टवकारतात.

'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणं धुळे-जळगावच्या मांडवातून निघून अहिराणीचा एक शब्दही न कळणाऱ्या शहरांतल्या वरातींत वाजलं. त्याची जाहिरात कुठल्या सिनेमानं केली नव्हती.

एका वेळी किती गाणी पाठवावीत?

एक.

पण माझ्याकडे चाळीस गाण्यांची झकास प्लेलिस्ट तयार आहे!

ती तुमच्यासाठी झकास आहे. समोरचा 'वा, नक्की ऐकतो' असं लिहील आणि प्लेलिस्ट तिथेच पडून राहील. मराठी माणसानं नव्या गाण्याची वाट बघितल्याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे गीतरामायण. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक नवं गीत, अशी वर्षभर मिळून ५६ गीतं झाली. लोक रेडिओभोवती जमायचे. छप्पन्नच्या छप्पन्न गीतं पहिल्याच दिवशी ओळीनं लावली असती तर जेवणाच्या वेळेपर्यंत घर रिकामं झालं असतं.

गाण्यासोबत काय लिहायचं? नुसती लिंक टाकली तर नाही चालत?

नुसती लिंक म्हणजे समोरच्याला काम लावणं. त्यानं ते गाणं का ऐकावं, हे कळत नाही आणि 'सकाळच्या शुभेच्छां'च्या ढिगात तेही वाहून जातं. दुसरं टोक म्हणजे 'अप्रतिम! अंगावर काटा! शेवटपर्यंत ऐकाच!' यातून गाण्याबद्दल अवाक्षरही कळत नाही.

माझ्या आतेबहिणीला पाठवलेला एक मेसेज जसाच्या तसा देतो. ती नागपूरला असते, बँकेत आहे, किशोरीताई आमोणकरांची भक्त आहे आणि नाचाच्या गाण्यांशी तिचा संबंध फक्त शेजारच्या हळदीपुरता:

'ताई, तांबडी चामडी. क्रेटेक्स आणि श्रेयस, २०२४. हाऊस म्युझिक आहे, म्हणजे क्लबात वाजतं ते, एकसुरी ठोक्याचं. तू शब्दांकडे गाणं म्हणून बघू नकोस, ढोलकीचे बोल म्हणून ऐक. तांबडी, चामडी, चमकते: 'त', 'च', 'ड' कसे आपटतात बघ. दोन मिनिटांत नाही पटलं तर बंद कर, मी विचारणार नाही.'

यात चार गोष्टी आहेत: गाण्याचं आणि करणाऱ्यांचं नाव, साल, प्रकार काय ते साध्या भाषेत, आणि कान कुठे ठेवायचा. यातली चौथी सगळ्यांत मोलाची. या गाण्याला नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीनं घेतलं हे मी मुद्दामच लिहिलं नाही. परदेशी शिक्क्यामुळे कुणाला गाणं आवडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आवडल्यासारखं दाखवतात, ते निराळं.

(ताईचं उत्तर आलं: 'ठीक. पण डोक्यातून जात नाहीये.' ही पावती समजायची.)

रॅप मला झेपत नाही. शब्द पळतात, चाल सापडत नाही. तरी ऐकावं का?

चाल शोधत बसलात तर नाहीच सापडणार. मराठीत ताल धरून बोलत जाणं आपल्याला परकं नाही. पोवाड्यात शाहीर मध्येच गाणं सोडून कथा सांगू लागतो, भारुडात, वगात संवाद येतात, तिथे आपण 'चाल कुठाय?' असं विचारत नाही. रॅप पहिल्यांदा ऐकताना एवढंच करा: शब्द स्क्रीनवर वाचत ऐका, आणि यमक ओळीच्या शेवटीच नाही तर मध्ये कुठे लपवलंय ते पकडा. दुसऱ्या खेपेला डोळे मिटून ऐका.

सुरुवात आपल्या बोलीपासून केली तर बरं पडतं. विदर्भातल्या माणसाला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर पाठवा. तो नाव १०० आकडा आणि पुढे रोमन आर-बी-एच असं लिहितो, ते 'सौरभ' असंच वाचायचं. एमटीव्हीच्या हसल या स्पर्धेमुळे तो देशभर पोचला. वऱ्हाडी ऐकून मोठ्या झालेल्या माणसाला त्याच्या बोलण्यातला ठसका समजावून सांगावा लागत नाही. मुंबईकरांना स्वदेसी हा बहुभाषिक गट पाठवा. त्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलावरचं त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' प्रकाश भोईर या आदिवासी गायकासोबतचं आहे. त्यात पारंपरिक गाणं आणि रॅप शेजारी शेजारी उभे आहेत, एकानं दुसऱ्याची नक्कल केलेली नाही. लोकसंगीत आणि नवं संगीत एकत्र आणताना हे फार थोड्यांना जमतं.

रॅपमध्ये शिव्या असतात. मोठ्यांना कसं पाठवायचं?

आधी सांगून. 'दुसऱ्या कडव्यात दोन शिव्या आहेत' एवढं लिहिलं की पुरतं. माझे एक काका मग मुद्दाम दुसऱ्या कडव्यावर जाऊन ऐकतात.

आमच्याकडे भीमगीतं किंवा डीजेवरची गाणी कुणी ऐकत नाही. ती पाठवली तर विचित्र वाटेल ना?

कुणाला विचित्र वाटेल, आणि का, याचा विचार करून मग पाठवा. पण पाठवा.

आपण ज्यांना संगीताचे प्रकार म्हणतो, ते मराठीत पुष्कळदा वस्त्यांचे नकाशे असतात. भावगीत कोणत्या घरात वाजतं, भीमगीत कोणत्या, बेंजो कुठल्या गल्लीत, हे आपल्याला न सांगता ठाऊक असतं. इंग्रजी रॉककडून जॅझकडे जाणारा माणूस मोठ्या चवीचा समजला जातो, आणि तोच माणूस दोन रस्ते पलीकडच्या विहारात एप्रिल महिन्यात काय वाजतं ते आयुष्यभर न ऐकता राहतो.

खरं तर भीमगीत ही मराठीतली एक जिवंत, सतत नवी होत असलेली परंपरा आहे. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गीतं लिहिली आणि गावोगाव जाऊन गायली. प्रल्हाद शिंदे, मग आनंद आणि मिलिंद शिंदे, मग आदर्श शिंदे अशी एका घराची तिसरी पिढी आज गातेय. त्याच घरातली विठ्ठलाची गाणी पंढरीच्या वाटेवर वाजतात, सिनेमातली गाणी मल्टिप्लेक्समध्ये वाजतात आणि भीमगीतं जयंतीला. ऐकणाऱ्यांनी केलेल्या भिंती गाणाऱ्यांनी फारशा मानलेल्या नाहीत.

नव्यांत सुरुवात करायची तर कडूबाई खरात. हातात एकतारी, समोर मोबाइलचा कॅमेरा, बाकी काही नाही. त्यांचे व्हिडिओ लोकांनीच एकमेकांना पाठवत सगळीकडे नेले. ज्यांना 'फार वाद्यं, फार गोंगाट' अशी तक्रार असते, त्यांना मी हेच पाठवतो. आवाज थेट छातीतून येतो, सूर शहरी कानाला मध्येच खरखरीत वाटतो आणि एकतारीचा ठोका एकदाही ढळत नाही.

पाठवताना 'बघा, हेसुद्धा किती छान गातात' असला सूर मात्र नको. त्या 'सुद्धा'नं सगळं नासतं.

आणि डीजे? त्याच्यात ऐकण्यासारखं काय असतं?

रस्त्यावर छाती धडधडवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीचं समर्थन मी करणार नाही. तेच गाणं घरी, हळू आवाजात, हेडफोनवर ऐका. आगरी-कोळी हळदीच्या गाण्यांत बेंजोच्या तारा सुरावट कशी वाजवतात आणि खाली ठेका कसा पळतो ते स्पष्ट कळेल. त्याच समाजात लग्नाचे विधी गाण्यातून पार पाडणारी धवलारीण असते, तिचे धवले ऐकले तर आजच्या हळदीच्या गाण्यातल्या ओळी कुठून आल्या त्याचा माग लागतो. ही जोडी एकत्र पाठवायला फार छान. एक गाण्याचा नियम इथे मोडायला हरकत नाही.

अभंगाला गिटार आणि ड्रम्स लावलेले आमच्या वडिलांना चालत नाहीत. कसं पटवू?

पटवू नका. त्यांना कदाचित गिटार खटकत नसेल, शब्द घाईत उरकलेले खटकत असतील, आणि ते रास्त आहे. अभंगात ओळ संपल्यावर टाळकऱ्यांना उत्तर द्यायला जागा असते. नव्या मांडणीत ती जागा भरून काढली की अभंग गुदमरतो. जिथे ती जागा राखलेली असते, तिथे इलेक्ट्रिक गिटारही खपून जाते. अभंग रिपोस्टसारखे बँड हे तरुणांच्या जलशांतून करतात. काही चीजा जमतात, काही नाही. वडिलांना जमलेली एक निवडून ऐकवा आणि नंतर त्यांच्याकडून त्याच अभंगाची त्यांना आवडणारी जुनी चाल ऐकून घ्या. बहुधा दुसरा भाग जास्त रंगतो.

शास्त्रीय संगीतातलं 'नवं' कसं सुचवणार? तेच राग, त्याच बंदिशी.

राग तेच असले तरी गाणारे तेच नाहीत. तिशीतल्या गायक-वादकांच्या मैफली आता पूर्ण स्वरूपात मिळतात. अडचण लांबीची असते. नवख्याला पन्नास मिनिटांचा, संथ लयीतला बडा ख्याल पाठवू नका, द्रुत म्हणजे जलद लयीतली बंदिश सुरू होते ती वेळ लिहून द्या: '३८ व्या मिनिटापासून ऐक'. आवडलं तर तो आपणहून मागे जातो.

नाट्यसंगीताच्या बाबतीत एक उपाय हमखास चालतो. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चं नाटक, पंडित जितेंद्र अभिषेकींचं संगीत. त्यावर २०१५ साली चित्रपट आला, त्यात जुनी पदं होती आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणीही होती. महेश काळे यांना त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नव्यापासून जुन्याकडे जायचा हा चांगला रस्ता आहे, आणि उलटही.

रीलवर पंधरा सेकंद ऐकलेलं गाणं पूर्ण कसं शोधायचं?

रीलच्या खाली गाण्याचं नाव असतं, त्यावर बोट ठेवा. तिथे 'ओरिजिनल ऑडिओ' आणि कुणा भलत्याचंच नाव दिसलं तर समजायचं की कुणीतरी गाणं उचलून आपल्या नावावर चढवलंय. मग शझाम हे गाणं ओळखणारं अ‍ॅप लावून बघा. रीलवाल्यांनी गाण्याचा वेग वाढवलेला किंवा कमी केलेला असतो, तेव्हा शझामही हात टेकतो. अशा वेळी ऐकू आलेली एक ओळ देवनागरीत टाइप करून शोधा. रोमनमध्ये टाइप करण्यापेक्षा हे बरं, कारण रोमनमध्ये 'साडी'चं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. शब्दच आठवत नसतील तर गूगलच्या अ‍ॅपवर गुणगुणून शोधायची सोय २०२० पासून आहे. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी निभावतं.

आणि सापडलं की पूर्ण ऐका. 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये ज्यांनी फक्त रीलवर ऐकलं, त्यांना कडव्यांत काय आहे ते आजही माहीत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडनं ते स्वतः लिहिलं, स्वतः गायलं, संगीताची जोड जी-स्पार्कची. मोठा सिनेमा नाही, मोठा नट नाही.

गायकाचं नाव सहज मिळतं. गीतकार-संगीतकार कुठे बघायचे?

यूट्यूबवर गाण्याखालचं वर्णन पूर्ण उघडा. स्पॉटिफायवर गाण्याशेजारच्या तीन टिंबांत श्रेयनामावली असते. विविध भारतीचे निवेदक वर्षानुवर्षं गायक, गीतकार, संगीतकार अशी तिन्ही नावं घेत आले, त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीला ती पाठ होती. आताच्या ठळक अक्षरांत फक्त कंपनीचं आणि नटाचं नाव असतं. तुम्ही पाठवताना तिन्ही लिहा. लोकगीत असेल तर 'पारंपरिक' लिहून मोकळं होण्याआधी जरा शोधा, कारण पुष्कळ 'पारंपरिक' गाण्यांना कुणीतरी शाहीर मालक असतो.

गाण्याची एमपी३ फाईल पाठवली तर चालते का?

लिंक पाठवा. कायद्याचा भाग असा: भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि शब्द व चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. नव्या गाण्याच्या फाईलवर तर हे हक्क चालूच असतात.

पोलीस काही दारात येणार नाहीत. खरा तोटा दुसराच आहे. फाईल पाठवली की गाणाऱ्याच्या खात्यावर ऐकणं नोंदलं जात नाही. मोठ्यांना फरक पडत नाही, पण खोपोलीतून स्वतःच्या खर्चानं गाणं काढणाऱ्या पोराला पडतो. शिवाय फाईलवरून नावं गळून जातात आणि 'न्यू सॉंग ०३' एवढंच उरतं.

एआयनं बनवलेली गाणी पाठवावीत का?

दिवंगत गायकांच्या आवाजात आजची गाणी गाऊन घेतलेले व्हिडिओ सध्या फार फिरतात. मी पाठवत नाही. ज्या व्यक्तीनं होकार दिला नाही आणि देऊ शकत नाही, तिच्या गळ्याचा असा वापर मला पटत नाही, आणि सांगीतिकदृष्ट्याही त्यात श्वास कुठे घ्यायचा याचा पत्ता नसतो. कुणी स्वतःचे शब्द देऊन यंत्राकडून चाल करून घेतली असेल तर गंमत म्हणून ऐकतो. पाठवायचंच असेल तर पहिल्याच ओळीत 'एआय' असं लिहा. समोरच्यानं डोळे पुसल्यावर ते सांगणं बरं नव्हे.

परदेशात वाढलेल्या भाच्यांना कुठून सुरुवात करून द्यावी?

बालगीतांपासून नको, ती आई-बाबांनी आधीच पाजलेली असतात. त्यांना जे आवडतं त्याच प्रकारातलं मराठी द्या: हिप-हॉप ऐकणाऱ्याला मराठी रॅप, क्लबवाल्याला मराठी हाऊस. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलीला 'सैराट'. २०१६ च्या त्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी मोठा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला नेमून ध्वनिमुद्रण केलं, त्यामुळे तिला ओळखीची वाद्यं सापडतात आणि ठेका मात्र आपला असतो. शब्दांचे अर्थ तिनं विचारले तरच सांगा.

पाठवलेलं गाणं समोरच्याला आवडलं नाही तर?

नाही आवडलं. पुढच्या आठवड्यात दुसरं. काय आवडलं नाही एवढं मात्र विचारा. 'आवाज चिरका', 'फार लांबलं', 'शब्द बाष्कळ' यातलं जे उत्तर येईल त्यावरून पुढची निवड सुधारते. 'तुला कळलंच नाही' असं म्हणालात तर पुन्हा तो तुमची लिंक उघडणार नाही.

उत्तरच आलं नाही तर?

महिनाभर थांबा. लोक गाणी प्रवासात ऐकतात, स्वयंपाक करताना ऐकतात, तुमच्या सोयीनं नाही.

मी स्वतः केलेलं गाणं पाठवलं तर चालेल का?

चालेल, पण 'एक मस्त गाणं सापडलं' अशी बतावणी न करता. 'माझं आहे, मिक्सिंग अजून कच्चं आहे, कडव्याची चाल कशी वाटते?' असा नेमका प्रश्न विचारा, म्हणजे 'छान छान' सोडून काहीतरी ऐकायला मिळेल. दुसऱ्याच्या प्रसिद्ध गाण्याचं कव्हर केलं असेल तर मूळ कर्त्यांची नावं आधी आणि तुमचं नंतर. आणि 'लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा' हे मेसेजमध्ये लिहू नका, ते तुमच्या व्हिडिओत आधी दोनदा येऊन गेलेलं असतं.